मदत हवी आहे: घरामागच्या उतारावर काँक्रीट ठोकळे + गवत असं गटार, पावसाआधी होईल का?

कुळागरवाला
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. वाळपईजवळ घर आहे. मागच्या उतारावरून येणारं पाणी वळवायला गेल्या वर्षी काँक्रीटचं गटार घातलं, ते पहिल्याच पावसाळ्यात फुटलं. ठेकेदार आता फोन उचलत नाही. यूट्यूबवर भोकाभोकांचे ठोकळे बसवून भोकांत गवत लावलेलं गटार पाहिलं, तसंच करायचं आहे. प्रश्न तीनच. ठोकळे गोव्यात कुठे मिळतात, जाडी ८० मिमी घेऊ की १००, आणि गवत कुठलं? मिरगाआधी काम संपायला हवं. कृपया "इंजिनियरला दाखवा" म्हणू नका, तो येऊन चहा पिऊन गेला.

सिव्हिल_फोंडा
उतार किती? लांबी किती? वरच्या किती जमिनीचं पाणी येतं? खाली कुठे सोडलंय? फुटलं म्हणजे तडे गेले, खचलं की उचललं गेलं? फोटो टाका. हे काहीच न सांगता जाडी कशी सांगणार?

कुळागरवाला
साधं गटार आहे हो. डोंगराचं पाणी येतं, खाली जातं. फुटलं म्हणजे फुटलं.

मडगावचो_बाब
आमच्या सोसायटीत पार्किंगला असले ठोकळे बसवलेत. पहिलं वर्ष हिरवंगार, आता नुसता चिखल. पैसे पाण्यात घालू नका.

वाळा_लावा
काँक्रीट हवंच कशाला? वाळा (खस) लावा. वर्षभरात मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. दहा-पंधरा सेंटिमीटरवर एकेक फुटवा, उताराला आडव्या ओळी. माती अडते, पाणी झिरपतं. जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने काजूच्या बागांत समपातळी चरांबरोबर अशा गवताच्या ओळी लावून पाहिल्यात. खर्च निम्म्याहून कमी.

चिरेबंदी
वाळा ठीक, ठोकळेही ठीक, पण गोव्यात बसून जांभ्याचा चिरा सोडून हे परदेशी प्रकार कशाला? आमच्या आजोबांच्या कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) चिऱ्याचा पाट अजून शाबूत आहे. पायरी-पायरीने उतरवला की पाणी धावतच नाही.

सिव्हिल_फोंडा
@मडगावचो_बाब पार्किंगचे ठोकळे गाडीचं वजन घ्यायला असतात. वाहत्या पाण्यातले ठोकळे एकमेकांत अडकणारे असावे लागतात, नाहीतर तारेने ओवलेले. दोघांना एकाच मापाने मोजू नका.
@चिरेबंदी आजोबांचा पाट कुळागराला पाणी पाजायचा. डोंगराचा लोंढा ही वेगळी गोष्ट.

चिरेबंदी
लोंढाही त्याच पाटातून जायचा. तुम्ही होता का तिथे?

नव्याने_आलेली
मध्येच बोलते, माफ करा. गवताच्या गटारात फुरशी होत नाहीत का? आमच्या अंगणात लहान मुलं खेळतात.

मडगावचो_बाब
होतात. आणि डासही. छपराचं पाणी विहिरीत सोडा, मी तेच केलंय. पन्हळीला जाळी, मग वाळू-खडीचा गाळ-हौद, मग विहीर. मेपर्यंत पाणी पुरतं.

कुळागरवाला
बाब, छपराचं विचारलंच नाही. ठीक आहे, तपशील देतो. लांबी ४० मीटर. वरच्या टोकापासून खालपर्यंत साधारण ६ मीटरचा उतार. गटार दोन फूट रुंद. वर काजूची बाग, अडीच एकर असेल. वरचा भाग जांभा, खाली पिवळी चिकण माती. काँक्रीट तीन इंच होतं, सळी नाही. मधले तुकडे खाली बसले, त्यांच्याखाली हात जाईल एवढी पोकळी आहे. खालच्या टोकाला मातीच गेली, चार-पाच पोफळींची मुळं उघडी पडलीत.

सिव्हिल_फोंडा
हे आधी सांगितलं असतं तर! गणित करू. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर. जोराचा पाऊस तासाला १०० मिमी धरा, तुमच्या सत्तरी तालुक्यात हे फार नाही. त्यातलं निम्मं पाणी वाहून येतं असं मानलं तर सेकंदाला सुमारे १४० लिटर. १५ टक्के उतारावर दोन फुटी गुळगुळीत काँक्रीटमध्ये ते जेमतेम अडीच इंच खोल वाहतं, पण वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या वर. तेच गवताच्या खडबडीत तळावरून सोडलं तर खोली पाचेक इंच आणि वेग सेकंदाला दोन मीटरच्या आत. म्हणजे वेग निम्मा, खोली दुप्पट. बाजू उंच ठेवाव्या लागतील, काठोकाठ बांधलं तर पाणी बाहेरून वाहील.
नुसत्या गवताला इतक्या उतारावर हा वेग झेपत नाही, म्हणून मातीला धरून ठेवायला ठोकळा. ही कल्पना बरोबर आहे. पण तुमचं गटार वेगामुळे फुटलेलं नाही. सांध्यांतून आणि कडेने पाणी खाली शिरलं, चिकण माती विरघळून निघाली आणि तीन इंची पापुद्रा अधांतरी राहिला. ठोकळे नुसते मातीवर ठेवलेत तर तेच पुन्हा होईल. खाली न विणलेलं जिओटेक्सटाइल कापड हवं, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल.

वाळा_लावा
त्यापेक्षा वाळा गटाराच्या तळातच लावायचा. दर तीन मीटरला आडवी ओळ, आपोआप बांध तयार होतो.

सिव्हिल_फोंडा
दोन फुटी गटारात वाळ्याचं झुडूप म्हणजे बुच. पानं-काटक्या अडकल्या की पाणी काठावरून फुटणार, मग घराच्या जोत्याकडे. वाळा दोन्ही बाजूंच्या उतारावर लावा, तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

डिचोलीचा_जुना
आमच्याकडे खाणींच्या डंपवर (टाकाऊ मातीच्या ढिगांवर) काथ्याच्या जाळ्या अंथरून लावणी केलेली पाहिली आहे. दोन-तीन वर्षांत जाळी कुजते, तोवर मुळं धरतात. बाकी त्या डंपवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून काय साधलं देव जाणे. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा...

चिरेबंदी
झाली सुरुवात! खाणीचा धागा वेगळा आहे.

डिचोलीचा_जुना
माती वाहून आमच्या शेतात आली होती, विषय तोच आहे.

कुळागरवाला
मंडळी, गवत कुठलं? हरळी आणली तर चालेल ना? बाजारात लॉनच्या लाद्या मिळतात.

नव्याने_आलेली
गटारावर ऊन येतं का? आमच्या मागच्या बाजूला हरळी लावली, फणसाखाली पार पिवळी पडून गेली.

कुळागरवाला
खालच्या अर्ध्यावर फणस आणि दोन आंबे आहेत. दुपारीच थोडं ऊन.

सिव्हिल_फोंडा
चांगला प्रश्न विचारला ताईंनी. हरळीला भरपूर ऊन लागतं. वरच्या अर्ध्यात हरळी, झाडांखाली रुंद पानाचं कार्पेट गवत, ते सावली सोसतं. भोकात माती काठापर्यंत भरू नका, इंचभर खाली ठेवा, वर काथ्याची जाळी. आणि आत्ताच लावा. मिरगापर्यंत मुळं धरायची असतील तर रोज पाणी द्यावं लागेल.

कुळागरवाला
पाणी आहे, कुळागराला तुषार चालूच असतात. जाडी?

सिव्हिल_फोंडा
१००. पण जाडीपेक्षा बसवणी बघा. एखादा ठोकळा शेजारच्यापेक्षा अर्धा इंच वर राहिला की पाणी त्याच्या कडेवर आपटून त्याला उचलतं, मग रांगच निघते. गवंड्याला दोरी धरून लेव्हल घ्यायला लावा, डोळ्यांनी नको. खाली वाळूचा थर घालू देऊ नका, इथल्या पावसात ती आधी जाते. वरच्या आणि खालच्या टोकाला दीड-दोन फूट खोल आडवी काँक्रीटची भिंत, नाहीतर पाणी टोकाकडून खाली घुसतं. पेव्हर ओतणाऱ्यांकडे सरळ विचारा, "नाल्यात बसवायचे, एकमेकांत अडकणारे आहेत का". पार्किंगचे गळ्यात मारू देऊ नका.
खालचं टोक कुठे जातं, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

कुळागरवाला
आपल्या पोफळींपाशी संपतं. तिथून शेजाऱ्याच्या भाटातून (बागायतीतून) व्हाळात, म्हणजे ओढ्यात.

चिरेबंदी
पयलीं उदक खंय वता तें पळय! (आधी पाणी कुठे जातं ते बघ!) पोफळी उगाच उघड्या पडल्या नाहीत. शेजाऱ्याला विचारलंय का? मे महिन्यात हो म्हणणारा माणूस जुलैत पंचायतीत तक्रार घेऊन जातो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आणि सर्व्हे प्लॅनवर तिथे व्हाळ दाखवलाय का बघा.

कुळागरवाला
आत्ताच बोलून आलो. हरकत नाही म्हणतो, पण पाणी उघड्यावर नको, पाइपातून न्या म्हणतो. साधारण दहा मीटर आहे. बारा इंची पाइप पुरेल?

सिव्हिल_फोंडा
पाच टक्के उतार मिळाला तर कागदावर पुरतो. प्रत्यक्षात काजूची पानं आणि फणसाचा कचरा पहिल्या सरीलाच तोंडाशी अडकणार, आणि तुंबलं की सगळं पुन्हा त्याच पोफळींवर. त्याला समजावून उघडा पाट घ्या. गटार जिथे पाटाला मिळतं तिथे हातभर खोल खड्डा करून फुटभर मापाचे काळे दगड भरा, पाण्याचा जोर तिथेच मरू दे. हे आधी करा. ठोकळ्यांना उशीर झाला तर त्यांच्याशिवाय एक पावसाळा काढता येईल, खालचं टोक तसंच राहिलं तर पोफळी राहणार नाहीत.

वाळा_लावा
आणि त्या पाटाच्या दोन्ही काठांना वाळा.

कुळागरवाला
बरं, लावतो बाई वाळा. पाट कशाचा करू? दहा मीटरच आहे.

चिरेबंदी
चिऱ्याचा!

सिव्हिल_फोंडा
चालेल. सांधे सिमेंटने भरा, मातीने नको, आणि खाणीवरून चिरा घेताना ठोकून घ्या. पोकळ वाजला तर परत पाठवा.

मडगावचो_बाब
ठोकळ्यांचा चौरस मीटरचा दर कळला की इथे टाका. पार्किंगचे काढायचा ठराव आलाय आमच्याकडे.