रोहिण्या लागल्या तरी कण्हेरला मासा खाईना, वेळ बदलू का जागा?

जावळीचा_गळवाला:
मंडळी नमस्कार. मे संपत आला आणि आमच्या कण्हेर धरणाचं पाणी लई खाली गेलंय, मेढ्याकडच्या अंगाला जिथं दिवाळीत काठावर बसून रोहू लागायचे तिथं आता नुसता भेगाळलेला गाळ हाय. सकाळी नवाच्या पुढं पोचतो, दुपारपर्यंत बसतो, कणकेचा गोळा झाला, गांडूळ झालं, पण बारकी चिलापी सोडली तर गळाला झटका पण बसत नाही. उरमोडी नाहीतर धोम धरणाला बरं चाललंय का कुणाचं? आणि वळीव पडला की मासा खातो म्हणतात सगळे, मागच्या आठवड्यात चांगला पडला पण दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखं गढूळ आणि मासा गायब. असं का होतं कुणी नीट सांगेल का?

धोमकाठ:
भावा धोमला पण हेच चाललंय, जागा बदलून उपयोग नाही, वेळ बदल. पाणी जेवढं तापतं तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला तोच साडेसातच्या आसपास येतो, आणि ऊन चढलं की काठाचं उथळ पाणी त्याच्याही वर तापतं. मग मोठा मासा काठ सोडून खोलात जातो, पण अगदी तळाला पण जात नाही कारण तिथं गाळ कुजत असतो, हवा नसते. तू नऊला पोचतोस म्हणजे खायची वेळ संपल्यावर पोचतोस. उजाडायच्या आधी काठावर असलं पाहिजे किंवा मग दिवस कलल्यावर. त्यातसुद्धा एक बघ, पाणी हिरवंगार झालं असेल तर पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, रात्रभर शेवाळ पण श्वास घेतं ना. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासताना दिसले तर ते खायला वर आलेत असं समजू नको, त्यांचा जीव गुदमरतोय, तिथं संध्याकाळच बरी.

जागा म्हणशील तर जुन्या नदीची धार शोध. पाणी उतरल्यावर धरणाखाली गेलेल्या वेण्णा नदीचं मूळ पात्र काठावरून कळतं, त्या उताराच्या कडेला टाक. आणि वाऱ्यानं लाटा ज्या काठावर आपटतात त्या काठाला बस, बसायला त्रास होतो पण हवा तिथंच मिसळते. एरवी तळाला मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प), रोहू मधल्या पाण्यात, कटला वर, त्यामुळं दोरीवरचा तरंगा सरकवून गळाची खोली बदलत राहा, एकाच खोलीवर दिवस घालवू नको.

कृष्णाकाठ_सांगली:
धोमकाठ दादा बरोबर बोलले. वळवाचं मी सांगतो. जोराचा वळीव पडला की गार पाणी वरनं येतं, वरचं गरम आणि खालचं बिनहवेचं पाणी एकदम ढवळतं, शिवाय ओढ्यातनं रानाची माती, शेण, पालापाचोळा सगळं वाहून येतं आणि ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातं. त्या एकदोन दिवसात मासा खात नाही, कधी कधी तर मरतो. आमच्याकडं कृष्णेत उन्हाळ्यात पाणी कमी असताना घाण पाणी सुटलं की मासे पांढरे पडून तरंगतात, बघवत नाही हो. पाणी निवळायला लागलं की मग जा, ओढा जिथं मिळतो तिथं गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसते, त्या रेघेवर स्वच्छ पाण्याच्या बाजूला गांडूळ टाका. मरळ मात्र याला अपवाद, ती वर येऊन हवा घेते त्यामुळं तापलेल्या उथळ पाण्यात, पाणवनस्पतीत सुद्धा टिकते. पण वर तांबड्या पिल्लांचा घोळका फिरताना दिसला तर खाली मरळ राखण करत असते, तिथं गळ टाकू नका. ती उचलली की सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडात.

आणि अजून एक, ढग गडगडायला लागले की लगेच रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. कार्बनच्या रॉडमधनं वीज जाते, उघड्या माळावर तुमच्या हातातली तीच सगळ्यात उंच वस्तू असते.

जावळीचा_गळवाला:
लई भारी माहिती दिली दोघांनी, पात्राच्या धारेचं डोक्यातच आलं नव्हतं. मिरग निघाल्यावर आमच्याकडं ओढ्याला चढणीचे मासे धरायला सगळा गाव जातो, त्याचं काय मत तुमचं?

परळीखोरं:
उरमोडीच्या काठचा हाय म्हणून बोलतो. चढणीला येणारी मादी पोटात अंडी घेऊन येते. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या तलावात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं नवं पाणी लागतं म्हणून तर वर चढतात. ओढ्याला आडवं जाळं लावून सगळे धरले तर पुढच्या वर्षी काठावर बसून करायचं काय? आमच्यात जुनी माणसं जेवणापुरतं धरायची, आता टेम्पो घेऊन येतात, करंट लावतात, ब्लीचिंग टाकतात. हे बघून खरंच राग येतो. करंट आणि ब्लीचिंग तर गुन्हा हाय, बारकं पिल्लूसुद्धा वाचत नाही त्यात. पाऊस लागल्यावर दोन महिने मी गळ बांधूनच ठेवतो आणि उन्हाळ्यात पण पोट फुगलेली मादी लागली तर ओल्या हातानं धरून सोडतो, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर मरतो.

बाकी तलाव मत्स्यविभाग सोसायट्यांना ठेक्यानं देतो, तेव्हा कण्हेरच्या सोसायटीला आधी विचारूनच बसत जा. कास तलावाला गळ टाकू नका, सातारा शहराच्या पिण्याचं पाणी हाय ते. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय बऱ्यापैकी अभयारण्यात येतो, तिकडं पण नको.

धोमकाठ:
परळीखोरं अण्णा, शंभर टक्के. जावळीकर, पाणी उतरलेल्या गाळावर चालताना जपून, वरनं वाळलेला दिसतो पण खाली मांडीएवढा जातो पाय. काठी टोचून बघत पुढं जायचं आणि एकट्यानं जायचं नाही. शनिवारी पहाटे येतोस का, वाईहून मी निघतो, मेढ्याच्या स्टँडवर भेटू.

जावळीचा_गळवाला:
येतो दादा. गांडुळं मी आणतो, आमच्या उकिरड्यात भरपूर हायत.