पुढच्या पिढीची ग्राफिक्स चिप ४ गिगाहर्ट्झ गाठेल, हे कितपत शक्य आहे?

ऑरेंजसिटी_रेंडर

नमस्कार मंडळी. मी नागपुरात घरूनच इमारतींचे थ्रीडी रेंडर करून देण्याचे काम करतो, त्यामुळे माझे ग्राफिक्स कार्ड दिवसाचे दहा-बारा तास पूर्ण क्षमतेने चालू असते. सध्याचे कार्ड २२० वॅटचे आहे. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना ते ६६ अंशांवर स्थिर राहते; मे महिन्यात मात्र डेझर्ट कूलर लावूनही खोली ३८ अंशांखाली उतरत नाही आणि कार्ड ८४ अंशांवर जाऊन आपला क्लॉक (चिपचा कामाचा वेग) स्वतःच कमी करू लागते. नवीन कार्ड घेण्याऐवजी पुढच्या पिढीची वाट पाहावी असे काही जण सुचवतात, कारण ३ किंवा २ नॅनोमीटर प्रक्रियेवरील (म्हणजे अधिक बारीक ट्रान्झिस्टर घडवणाऱ्या निर्मिती-तंत्रावरील) चिप ४ गिगाहर्ट्झपर्यंत धावेल आणि तरीही थंड राहील, अशी चर्चा आहे. क्लॉकचा हा आकडा विश्वासार्ह मानावा का? आणि प्रक्रिया लहान झाली म्हणजे चिप थंड राहणार, हे गृहीतक तरी बरोबर आहे का?

सिलिकॉन_संशयी

आकड्याबद्दल बोलायचे तर आधी मागे वळून पाहावे लागेल. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९८० कार्डाचा अधिकृत बूस्ट क्लॉक (भाराखाली गाठायचा वरचा वेग) १,२१६ मेगाहर्ट्झ होता आणि २०१६ मध्ये आलेल्या जीटीएक्स १०८० चा १,७३३ झाला, कारण चिप २८ नॅनोमीटर सोडून १६ नॅनोमीटरच्या फिनफेट (उभ्या पात्यासारख्या ट्रान्झिस्टरच्या) प्रक्रियेवर गेली होती. पुढे आरटीएक्स ३०९० च्या १,६९५ वरून ४०९० ने थेट २,५२० वर झेप घेतली, तीही सॅमसंगची ८ नॅनोमीटर प्रक्रिया सोडून टीएसएमसी या तैवानी चिप-निर्मात्या कंपनीच्या ५ नॅनोमीटर कुटुंबात गेल्यावरच. २०२५ च्या ५०९० ने कुटुंब बदलले नाही, आणि तिथे बूस्ट क्लॉक उलट २,४०७ वर उतरला. कामगिरी वाढली ती कोअर (चिपमधले गणना करणारे घटक) १६,३८४ वरून २१,७६० झाल्यामुळे आणि जीडीडीआर७ मेमरीमुळे, आणि त्यासाठी वीज ४५० वॅटवरून ५७५ वॅटवर गेली.

म्हणजे क्लॉकची मोठी उडी प्रक्रिया बदलल्यावरच येते, हे खरे. पण ती उडी किती असेल हेही पाहिले पाहिजे. ५ नॅनोमीटरच्या तुलनेत एन३ई या ३ नॅनोमीटर प्रक्रियेत तेवढ्याच विजेवर सुमारे १८ टक्के अधिक वेग मिळतो, असे टीएसएमसी स्वतः सांगते. प्रतिस्पर्धी एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी कार्ड आजच २,९७० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. त्यावर संपूर्ण १८ टक्के चढवले तरी बेरीज ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबते, आणि ते कार्ड मूळ ५ नॅनोमीटरवर नसून तिच्या सुधारित आवृत्तीवर असल्यामुळे संपूर्ण १८ टक्के मिळणारही नाहीत. माझा अंदाज एएमडीसाठी ३.२ ते ३.४ आणि एनव्हिडियासाठी ३ च्या थोडे अलीकडे-पलीकडे असा आहे. ४ गिगाहर्ट्झ एखादा हौशी ओव्हरक्लॉकर (चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारा) द्रव नायट्रोजन ओतून दाखवील. दुकानात मिळणाऱ्या कार्डाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

व्होल्टेज वाढवून उरलेली मजल मारता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु चिपची वीज क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक २० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवावे लागले, तर वीज ४५ टक्के वाढते. रेंडरिंगसारख्या कामात, जिथे काम हजारो कोअरमध्ये सहज वाटता येते, तिथे रुंद (जास्त कोअरची) आणि संथ चिप नेहमीच अधिक किफायतशीर ठरते.

उष्णतेचा_हिशेब

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. ट्रान्झिस्टर लहान होतो त्या प्रमाणात व्होल्टेजही उतरते आणि प्रति चौरस मिलिमीटर वीज कायम राहते, हा रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम साधारण २००५-०६ च्या सुमारास निकामी झाला, कारण बंद ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती वाढल्याने व्होल्टेज आणखी उतरवता येईना.

वर सांगितलेल्याच एन३ई प्रक्रियेचे उदाहरण घ्या. तिच्यात लॉजिकची (गणना करणाऱ्या ट्रान्झिस्टरची) घनता सुमारे १.६ पट होते आणि वेग तोच ठेवला तर वीज साधारण एक तृतीयांशाने घटते. दोन्हींचा गुणाकार केला की तेवढ्याच क्षेत्रफळातून निघणारी उष्णता कमी होण्याऐवजी किंचित वाढलेलीच दिसते. आणि विजेची बचत न घेता वेग घेतला, तर त्याच क्षेत्रफळात दीडपटीहून अधिक उष्णता कोंडली जाते. एकूण वॅट कमी असूनही चिपचा एखादा कोपरा ‘हॉटस्पॉट’ म्हणून भाजत राहतो, त्याचे कारण हेच आहे.

म्हणूनच कूलिंगची खरी अडचण पंख्यांपाशी नाही, ती सिलिकॉन आणि धातू यांच्या सांध्यात आहे. ५०९० च्या फाउंडर्स एडिशनमध्ये (एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डात) ५७५ वॅट केवळ दोन स्लॉटच्या जाडीत हाताळता आले, ते तिथे साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल आणि व्हेपर चेंबर (वाफेच्या साहाय्याने उष्णता पसरवणारी पोकळ धातूची पेटी) वापरल्यामुळे, आणि मुख्य बोर्ड मधोमध आखूड ठेवून दोन्ही पंख्यांची हवा आरपार जाऊ दिल्यामुळे. ही रचना मला मनापासून आवडते, पण ती सगळी गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडते, हे तिच्या कौतुकात अनेकदा विसरले जाते. हवा १० अंशांनीच तापू द्यायची असेल तर ५७५ वॅटसाठी सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा कॅबिनेटमधून बाहेर काढावी लागते.

चिपलेट_पक्षपाती

दोघांचेही हिशेब मान्य आहेत. तरीही चिपची रचना आहे तशीच राहील असे तुम्ही धरून चालला आहात, आणि तिथे माझा मतभेद आहे. लिथोग्राफीच्या (प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवण्याच्या) एका छापात जास्तीत जास्त ८५८ चौरस मिलिमीटरची चिप मावते आणि ५०९० ची चिप आत्ताच ७५० ची आहे. शिवाय एन३ई मध्ये लॉजिक आकसले तरी कॅशेची (चिपमधल्या जलद मेमरीची) एसरॅम पेशी ५ नॅनोमीटरएवढीच राहिली. मग महागड्या वेफरवर (ज्या सिलिकॉन चकतीतून चिप कापतात तिच्यावर) कॅशे कशाला ठेवायची? एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सने २०२२ मध्येच ती ६ नॅनोमीटरच्या सहा वेगळ्या तुकड्यांवर नेली होती. पुढील पिढीत एएमडी हा प्रयोग नक्की पुन्हा करील, असे मला वाटते. ९०७० एक्सटीमध्ये पुन्हा एकसंध चिप आली, त्यामुळे माझ्या या मतावर येथे लोक हसणार याची मला कल्पना आहे.

तुकडे एकमेकांवर रचले तर मात्र उष्णतेचा प्रश्न आणखी बिकट होतो. एएमडीच्या रायझन ५८०० एक्स३डी या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये कॅशे कोअरच्या वर बसवली होती आणि क्लॉक ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आणावा लागला. ९८०० एक्स३डीमध्ये ती खाली सरकवली, कोअर थेट कूलरच्या बाजूला आले आणि क्लॉक ५.२ पर्यंत गेला. ग्राफिक्स चिपमध्ये थर आलेच, तर ते याच क्रमाने यावेत.

आणखी एक गोष्ट: सर्वांत नवी प्रक्रिया गेमिंग कार्डांच्या वाट्याला येईलच असे नाही. २०२० मध्ये एनव्हिडियाने डेटा सेंटरच्या ए१०० ला टीएसएमसीची ७ नॅनोमीटर दिली आणि आरटीएक्स ३० मालिकेची बोळवण सॅमसंगच्या ८ वर केली होती.

ऑरेंजसिटी_रेंडर

सर्वांचे आभार. मग वॉटर कूलिंग बसवले तर मे महिन्याचा प्रश्न सुटेल का? आणि डेझर्ट कूलरच्या दमट हवेने कार्डावर पाणी साचण्याची भीती आहे का?

उष्णतेचा_हिशेब

पाणीदेखील शेवटी खोलीच्या हवेतच उष्णता सोडते, त्यामुळे ते ३८ अंशांच्या खाली जाऊ शकत नाही. तुमच्या दोन्ही नोंदींमध्ये कार्ड आणि खोली यांच्यातील फरक ४६ अंशांचाच आहे, म्हणजे कूलर आपले काम चोख करत आहे. रेडिएटरने हा फरक काही अंशांनी घटेल, पण विजेची मर्यादा उतरवून तो फुकटात घटतो. कार्ड हवेपेक्षा गरम असल्याने त्यावर दव धरत नाही. कूलरचे तुषार थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, कारण जड पाण्यातले क्षार बोर्डावर साचतात. नवीन कार्ड घेण्यापूर्वी आहे त्याची पॉवर लिमिट (विजेची कमाल मर्यादा) २० टक्क्यांनी उतरवून पाहा आणि वेळ मोजा.

ऑरेंजसिटी_रेंडर

तीन दिवस चाचणी करून लिहितो आहे. १७५ वॅटच्या मर्यादेवर, खोली ३८ अंशांवर असताना, कार्ड ७५ अंशांवर थांबले. ज्या दृश्याला ४१ मिनिटे लागत होती, त्याला आता ४४ लागतात. नवीन कार्डाचा विचार दिवाळीनंतर करीन.