पार्थियन सत्तेची सुरुवात नक्की कुठल्या सालापासून धरायची?

मांडवीकाठ
चवथीनंतर फोंड्यातल्या एका वाचनालयात अलेक्झांडरनंतरच्या इराणवर पंचवीस मिनिटं बोलायचं आहे. पार्थियन राज्याची सुरुवात म्हणून इ.स.पू. २४७, २३८ आणि १४१ अशी तीन सालं सापडली. फलकावर कुठलं लिहू? आणि एका भटक्या टोळीने सेल्युकिडांना, म्हणजे अलेक्झांडरच्या सेनापतीच्या वंशातल्या ग्रीक राजांना, कसं संपवलं?

जुनी_नाणी
तिन्ही लिहा, तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. २४७ हे अर्सासिद शकाचं, म्हणजे पार्थियन राजघराण्याच्या कालगणनेचं, पहिलं वर्ष. २३८च्या सुमारास पार्नी टोळीच्या अर्साकेसने पार्थिया प्रांत घेतला. १४१मध्ये पार्थियन राजा पहिल्या मिथ्रिदातेसने टायग्रिसकाठचं सेल्युकिया जिंकलं. राज्याचं साम्राज्य झालं ते इथे.

हा प्रांत अर्साकेसने थेट सेल्युकिड राजाकडून हिसकावला नव्हता. तिथला क्षत्रप (सुभेदार) आंद्रागोरास आधीच फुटला होता, आणि फुटलेल्या सुभ्याच्या मदतीला राजाची फौज येत नाही. गोव्यातल्या श्रोत्यांना हे चटकन कळेल. बहामनींचा सुभेदार युसुफ आदिलखान आधी विजापुरात स्वतंत्र झाला. १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो आदिलशाहीकडून.

घाटमाथा
‘संपवलं’ हा शब्द मात्र काढा. सीरियात उरलेलं सेल्युकिड राज्य रोमच्या पाँपेने इ.स.पू. ६४मध्ये खालसा केलं. पार्थियनांनी त्यांचा पूर्वभाग तोडला, तोही शंभर वर्षं घेऊन, मध्ये एकदा सपशेल नमून. २०९मध्ये सेल्युकिड राजा तिसरा अँटायोकस स्वतः चालून आला, पार्थियातलं हेकाटोम्पायलोस शहर घेतलं, आणि पार्थियन राजा दुसऱ्या अर्साकेसला मांडलिकी पत्करावी लागली. हा टप्पा फलकावर हवाच, नाहीतर सगळा प्रवास सरळ चढता वाटतो. पुढे आशिया मायनरमधल्या मॅग्नेशियाला सेल्युकिडांची रोमकडून हार झाली आणि १८८च्या तहात १२ हजार टॅलंटची खंडणी बसली, तेव्हा कुठे पूर्वेकडची पकड सुटली.

खरा निकाल १२९चा. सेल्युकिड राजा सातव्या अँटायोकसने बाबिलोनिया आणि मीडिया (पश्चिम इराणचा प्रांत) परत मिळवले होते, लढाया जिंकल्या होत्या. घात केला हिवाळ्याच्या छावण्यांनी. एवढी फौज एका जागी पोसता येईना म्हणून तुकड्या मीडियातल्या गावोगाव वाटल्या. दाणावैरण गावकऱ्यांच्या माथी, वर शिपायांची दांडगाई. गावांनी पार्थियन राजा दुसऱ्या फ्रातेसशी संधान बांधलं आणि ठरल्या दिवशी सगळीकडे एकदम उठाव केला. जवळच्या तुकडीला सोडवायला धावलेला अँटायोकस वाटेतच मारला गेला. कैद केलेले ग्रीक शिपाई फ्रातेसने मग मध्य आशियातल्या शक टोळ्यांविरुद्धच्या लढाईत उभे केले. ते ऐन वेळी उलटले आणि फ्रातेसही गेला. घोडेस्वार तिरंदाजांचं कौतुक जरूर करा, पण हा निकाल रसदीने लावला.

मांडवीकाठ
मनापासून आभार. एखादं नाणं दाखवायचं तर कुठलं?

जुनी_नाणी
मिथ्रिदातेसचं सेल्युकियाच्या टांकसाळीतलं टेट्राड्राख्म, म्हणजे चार द्राख्मांचं चांदीचं नाणं. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसरीकडे उभा हेराक्लेस, आणि ग्रीक लेख: ‘महाराजा अर्साकेस, फिलहेलेन’, म्हणजे ग्रीकांचा मित्र. जिंकलेल्या शहराचे व्यापारी आणि कारकून ग्रीक होते, त्यांना सांभाळायचं तर त्यांच्याच भाषेत नाणं पाडणं भाग होतं.

दोन ठिकाणी चूक होते. जवळजवळ प्रत्येक पार्थियन राजा स्वतःला अर्साकेसच म्हणवतो, त्यामुळे नुसतं नाव वाचून राजा ठरवू नका; चेहरा, बिरुदं आणि टांकसाळ बघा. दुसरी चूक सालाची. या नाण्यांवर १७३ आणि १७४ हे आकडे आहेत, पण ते सेल्युकिड शकाचे. मॅसेडोनियन गणनेत तो शक इ.स.पू. ३१२च्या शरदात सुरू होतो, म्हणून ३१३मधून १७३ वजा केले की १४० येतं, वर्ष १४०–१३९. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर दोन्ही शक शेजारी असतात: अर्सासिद १०८, सेल्युकिड १७२. फरक कायम ६४चा.

घाटमाथा
शेवटी नाशिकच्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा ‘शक-यवन-पल्हव’ उल्लेख ठेवा. पल्हव म्हणजे पार्थियन, पण तिथले हिंदुस्थानच्या वायव्येकडच्या शाखेचे. इराणच्या राजांशी एक करू नका.