कोलंबस, इंडियाना: भाड्याचं घर कसं शोधलंत, शेवटी कितीला पडलं?

पुण्याहून इथल्या कमिन्स या इंजिन कंपनीत बदलून येणारे थांबत नाहीत, तोवर हा प्रश्नही थांबणार नाही, म्हणून एकच धागा. ओहायोचं मोठं कोलंबस नव्हे. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला आय-६५ महामार्गावरचं, सुमारे ५०,००० वस्तीचं. घर कसं मिळालं, भाडं वाजवी आहे हे कशावरून ठरवलं, ते लिहा. कॉम्प्लेक्सची आणि मालकांची नावं कृपया नकोत.

कोथरूडकर
गाव लहान, कॉम्प्लेक्स मोजके, त्यामुळे सांगतील तो भाव खरा वाटायला लागतो. मी केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा (हड) 'फेअर मार्केट रेंट'चा तक्ता उघडला. तो दरवर्षी निघतो. आपल्याला बार्थोलोम्यू काउंटीचा आकडा बघायचा. त्यात वीज-गॅस-पाणी धरलेलं असतं आणि तो ४०व्या पर्सेंटाइलचा असतो, म्हणजे मध्यापेक्षा जरा खालचा. नवं, जिम-पूलवालं घर त्याच्या वरच जाणार. पण किती वर, हे विचारायला हातात काहीतरी असतं.

दुसरं, 'पहिला महिना फुकट'. १,२०० डॉलर भाडं, १२ महिन्यांचं लीज, तर सरासरी १,१०० पडतात. लीजच्या नूतनीकरणाला मात्र वाढ १,२०० वर लागते. मी फुकट महिना नको म्हणून भाडंच कमी मागितलं. ऑफिसातल्या बाई हसल्या, दिलं नाही. पार्किंगचे पैसे सोडले!

हिवाळा_नको
भाडं विचारण्याआधी विचारा: हीटर गॅसचा की विजेचा? आमच्या पहिल्या घरात भिंतीलगतचे विजेचे बेसबोर्ड हीटर होते. भाडं शेजारच्या कॉम्प्लेक्सपेक्षा कमी, म्हणून नवरोबा खूश. जानेवारीचं बिल आल्यावर बोलेनासे झाले. आधीच्या भाडेकरूचं हिवाळ्यातलं बिल साधारण किती यायचं, हे लीजिंग ऑफिसला किंवा सरळ वीज कंपनीला विचारून बघावं. वरचा मजलाही बघा: खालच्यांची ऊब फुकट मिळते, फक्त किराणा चढवावा लागतो.

नवीन_आलोय
क्रेडिट हिस्ट्री शून्य, सोशल सिक्युरिटी नंबर यायचा होता. बहुतेक ठिकाणी मासिक पगार भाड्याच्या तिप्पट लागतो. ऑफर लेटर दाखवून तेवढं भागलं, पण क्रेडिटपायी जास्तीचं डिपॉझिट मागितलं. इंडियानात डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा नाही, त्यामुळे घासाघीस आपल्यालाच करायची. अर्जाची फी सहसा परत मिळत नाही, तेव्हा दिसेल तिथे अर्ज टाकू नका.

जुना_कोलंबसकर
भावाचं सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी पाण्याचं लिहितो. ७ जून २००८ ला गावातल्या हॉ क्रीक ओढ्याला पूर आला. इथलं मोठं रुग्णालय रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद होतं. ओढ्याकाठचं तळमजल्याचं घर स्वस्त असेल तर पत्ता फेमाच्या (केंद्राचं आपत्ती खातं) पूरनकाशावर टाकून बघा. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, हे लीजवर सही करताना कोणी सांगत नाही. बाकी डाउनटाउनला राहायला मिळालं तर जरूर राहा, प्रसिद्ध वास्तुविशारद आय. एम. पेईंनी बांधलेल्या लायब्ररीत चालत जाता येतं. असा शेजार कुठल्या लहान गावात मिळतो?

गाडीतून_शोध
पुण्यासारखा एजंट नाही, दलाली नाही. शनिवारी गाडी काढून जुन्या वस्त्यांतून हिंडलो आणि अंगणात 'फॉर रेंट'ची पाटी दिसली. निवृत्त आजोबांचं डुप्लेक्स (इथे म्हणजे दोन बिऱ्हाडांचं जोडघर), इंटरनेटवर कुठेही नव्हतं. बर्फ मी काढायचा, या बोलीवर भाडं थोडं उतरवलं. मे महिन्यात इंटर्न येतात, तेव्हा छोटी घरं पटकन जातात, त्याआधी बघा.

परत_पुण्याला
@नवीन_आलोय, निघताना नवा पत्ता लेखी द्या. इंडियानात डिपॉझिट किंवा कपातीची यादी ४५ दिवसांत द्यावी लागते, पण पत्ता दिलेला असेल तरच. मी पुण्याचा पत्ता ईमेलने दिला, चेक कोथरूडला आला. तो इथे वटवायचा कसा, हे कोणाला माहीत असेल तर सांगा.