स्पीडवे क्लब बुडतात ते पगारापायी की जागेपायी? (आणि नाशकात जमेल का?)

सातपूरचा स्पॅनर (धागाकर्ता)

रविवारी कॉलेज रोडला मिसळ खाताना आमच्या ओळखीतल्या एका पोरानं विषय काढला. पोरगं स्थानिक डर्ट ट्रॅक स्पर्धांत गाडी पळवतं. म्हणालं, "काका, नाशकात धुळीतल्या शर्यतीला एवढी गर्दी जमते, मग इंग्लंड-पोलंडसारखा स्पीडवेचा पगारी क्लब आपल्याकडे का नाही?" मी म्हटलं, काढायला काय, उद्या काढता येईल. तीन वर्षं चालवून दाखव. तिथून वाद पेटला आणि मिसळीचा रस्सा गार झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्पीडवेची गाडी पाचशे सीसीची, एक सिलिंडर, एकच गिअर, मिथेनॉलवर चालणारी, आणि ब्रेक नाही. खरंच नाही. चौघे जण, लंबगोल मातीचा ट्रॅक, चार फेऱ्या, साधारण मिनिटाभरात खेळ खल्लास. पहिल्याला ३ गुण, मग २, १, ०. अशा पंधरा शर्यतींचा एक सामना. (जावा-येझदीवाल्यांनी कॉलर ताठ करावी. या खेळात जावाच्या इंजिनांनी दशकानुदशकं राज्य केलंय.)

आता माझं म्हणणं. हे क्लब प्रेक्षक नाहीत म्हणून मरत नाहीत, जागा दुसऱ्याची असते म्हणून मरतात. इंग्लंडचंच बघा. स्विंडन २०१९ चा लीग विजेता. कोविडनं २०२० चा हंगाम खाल्ला आणि स्टेडियमच्या पुनर्विकासाच्या घोळात क्लब परत उभाच राहिला नाही. पीटरबरो २०२१ चा विजेता. ज्या शोग्राउंडवर १९७० पासून खेळत होते तिथे बांधकामाचे बेत आले, २०२३ ला शेवटचा हंगाम. वुल्व्हरहॅम्प्टनलाही २०२३ लाच कुलूप, कारण ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्या जागामालकानं करार वाढवला नाही. कॉव्हेंट्रीत १९२८ पासून शर्यती व्हायच्या, २०१६ नंतर बंद. तिथे बिल्डरला घरं बांधायची परवानगी पुढे नाकारली गेली, तोवर स्टेडियमचा पार उकिरडा झाला होता. म्हणजे घरंही नाहीत आणि शर्यतीही नाहीत.

विजेतेपद जिंकूनही दोन-तीन वर्षांत क्लब नामशेष होतो, तेव्हा दोष खेळाचा कसा? कोकणातल्या एखाद्या नाटक मंडळीकडे भरपूर नटसंच असावा आणि रंगमंच मात्र भावकीच्या वादातल्या जमिनीवर असावा, तसं हे. नाशकात करायचं तर आधी सातबारा बघा, गाडी मागाहून.

लेखापाल

स्पॅनरकाका, धागा छान. पण असहमत. तुम्ही मृत्यूचा दाखला वाचताय, आजारपणाची फाईल नाही.

न्यूकॅसल क्लब २०२२ च्या हंगामात अर्ध्यावर बंद पडला. कारण? पैसे संपले. जागा कुणी काढून घेतली नव्हती, ग्रेहाउंड तिथे पळतच होते. मँचेस्टरला तर पालिकेच्या पुढाकारानं २०१६ साली खास स्पीडवेचं राष्ट्रीय स्टेडियम बांधलं. उद्घाटनाच्याच रात्री ट्रॅक खराब निघाला म्हणून सामना रद्द, आणि वर्ष सरता सरता क्लब चालवणारे बाहेर पडले. नवा मालक आला म्हणून क्लब वाचला. नवीकोरी जागा मिळाली तरी गाडं अडलंच ना?

आजार असा आहे. या खेळात खेळाडू नोकर नसतो, स्वतंत्र व्यावसायिक असतो. पैसे गुणागणिक. शिवाय तोच खेळाडू एका आठवड्यात पोलंड, स्वीडन, इंग्लंड असा तिन्हीकडे खेळतो. म्हणजे भाव ठरतो पोलंडमध्ये आणि तो मोजायचा इंग्लंडच्या गावातल्या क्लबनं. ज्याचं मैदान चारपाच हजारांनी भरत नाही त्यानं दहा-बारा हजारांच्या गर्दीशी बोली लावायची. यात आणखी एक गंमत: तुमचा संघ जितका चांगला खेळेल तितके गुण, तितकं जास्त बिल. घरच्या मैदानावर धो धो जिंकलात की प्रेक्षकाला शेवटच्या शर्यतींत रस उरत नाही आणि तुमचा खर्च मात्र सगळ्यात जास्त. असा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता नाशिक. कागद घ्या. समजा प्रत्येक सामन्याला ३,००० माणूस, तिकीट २०० रुपये. गल्ला ६ लाख. हंगामात घरचे दहा सामने धरा, ६० लाख. त्यातून सात खेळाडू, त्यांचे मेकॅनिक, परदेशी इंजिन आणि त्याचे सुटे भाग, वळणावरचे हवेचे संरक्षक अडथळे, विमा, प्रत्येक सामन्याला डॉक्टर आणि रुग्णवाहिका (ती जागची हलली की शर्यत थांबवावी लागते, त्यामुळे दोन), परवानग्या, पोलीस बंदोबस्त. जागेचं भाडं मी शून्य धरलंय, तुमच्या समाधानासाठी. तरी ताळेबंद लाल.

पंचवटी एक्सप्रेस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊ द्या.

सातपूरचा स्पॅनर

@लेखापाल, न्यूकॅसल मान्य. पण मँचेस्टरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं! कंपनी बुडाली, स्टेडियम राहिलं, म्हणून नवा माणूस येऊन क्लब चालवू शकला. मँचेस्टरचा तो क्लब, बेल व्ह्यू, आजही तिथेच खेळतो. कॉव्हेंट्रीला पैसेवाला आला असता तरी खेळायचं कुठे? ऑक्सफर्डचंही तेच. २००७ मध्ये क्लब गटांगळ्या खायला लागला, पुढे स्टेडियमही बंद पडलं, पण त्यावर बुलडोझर फिरला नाही म्हणून २०२२ ला परत शर्यती सुरू झाल्या. मालक बुडाला तर दुसरा मिळतो, ट्रॅकवर फ्लॅट उभे राहिले की संपलं.

लेखापाल

हे मान्य करतो, अर्धं. पण मग म्हणा की जागेमुळे क्लबला पुनर्जन्म मिळतो. तगण्याची हमी मिळत नाही. पोलंड बघा ना. तिथे जागेचा प्रश्नच नाही, टोरुनचं मोटोअरेना हे स्पीडवेचं स्टेडियम २००९ साली शहरानं बांधून दिलं. लीगला प्रायोजक कोण, तर पीजीई, सरकारी वर्चस्वाची वीज कंपनी. टीव्हीचा पैसा आहे, गर्दी आहे, बार्तोश झ्मार्झलिकसारखा अनेक वेळचा जगज्जेता आहे. तरी चेंस्तोहोवासारख्या नावाजलेल्या क्लबला २०१५ साठी लीगचा परवाना मिळाला नाही, आणि २०२५ च्या हंगामाआधी गोझूफचा क्लब कर्जात असा रुतला की शहराला हात द्यावा लागला. पैसा जास्त आला की खेळाडूंचा भाव वाढतो आणि तळाशी शिल्लक तेवढीच राहते. रांजणाला भोक असेल तर पाणी कितीही ओता.

मेघना_गंगापूररोड

दोघांनाही एक विचारू का? "शहरानं हात दिला" हे किती सहज लिहिता! तो हात कुणाच्या खिशातून येतो? २०२७ च्या सिंहस्थाची कामं, तपोवनातल्या झाडांचा वाद, रस्त्यांचे खड्डे, हे सगळं डोक्यावर असताना महापालिकेनं सात जणांना मातीत गोल फिरवायला पैसे द्यायचे? आणि तो आवाज. ज्यांच्या घरामागे हे होणार त्यांनी तर कुठे जायचं? इंग्लंडमध्येही जुन्या ट्रॅकशेजारी नवी घरं आली की तक्रारी सुरू होतात, हे तुम्हा दोघांपैकी कुणी लिहिलं नाही.

सातपूरचा स्पॅनर

मेघनाताई, मुद्दा रास्त. माझी चूक, लिहायला हवं होतं. पण ट्रॅक आधी आणि घरं नंतर आली तर तक्रार कुणाची ऐकायची, हाही प्रश्न आहेच. अंबडला कारखान्यांशेजारी आधी प्लॉट घ्यायचा आणि मग भोंग्याचा त्रास होतो म्हणायचं, हे आपण पाहिलंय.

मेघना_गंगापूररोड

प्लॉट घेणाऱ्याला पर्याय असता तर तो भोंग्याशेजारी गेला नसता काका. असो.

गाडामालक निफाड

मी तुमच्या इंग्लंड-पोलंडला गेलो नाही, पण शर्यती भरवल्यात. तुम्ही सगळे क्लब, क्लब करताय. क्लब पाहिजेच कशाला?

बैलगाडा शर्यतीला २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं एक रुपयाचं उत्पन्न नाही. तुमचा क्लब असता तर सात महिन्यांत फळ्या लागल्या असत्या. आमच्याकडे परवानगी आली आणि पुढच्याच हंगामात घाट माणसांनी भरला. का? कारण कुणी कुणाला पगार देत नाही. बैल मालकाचा, वैरण मालकाची, हौस मालकाची. आयोजक फक्त एका दिवसाचा खर्च बघतो: मैदान, मंडप, डॉक्टर, इनाम. त्याला वर्गणी, प्रवेश फी, पुढाऱ्याचा एखादा ट्रॅक्टर नाहीतर बुलेट. संध्याकाळी हिशेब मिटला. तोटा झाला तर पुढच्या यात्रेला दुसरं मंडळ.

स्पीडवेही तसाच सुरू झाला ना? मी थोडं वाचलं. १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेस्ट मेटलंडच्या कृषी प्रदर्शनात जॉनी हॉस्किन्स नावाच्या सेक्रेटरीनं गर्दी खेचायला मोटारसायकली पळवल्या, म्हणतात. म्हणजे मूळ तो यात्रेतला खेळ. त्याला कंपनी तुम्ही केलीत.

पंचवटी एक्सप्रेस

+१ गाडामालक. आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

लेखापाल

गाडामालक, टाळ्या, पण एक पान उलटून बघा. "मालकाची हौस" म्हणजे तोटा नाहीसा झाला असं नाही, तो मालकाच्या घरी गेला. इंग्लंडमधल्या क्लबचंही हेच आहे. तिथलेही प्रवर्तक बहुतेक बांधकामवाले, वाहतूकवाले, हौसेपायी खिसा रिकामा करणारे. फरक एवढाच की तुमच्याकडे तोटा शंभर घरांत वाटला जातो आणि तिथे एकाच्या डोक्यावर बसतो. म्हणजे प्रश्न तगण्याचा नाहीच, तोटा कुणी आणि किती जणांनी वाटून घ्यायचा याचा आहे. (हे लिहिता लिहिता लक्षात आलं, माझ्या पहिल्या प्रतिसादातला मुद्दा मीच थोडा मवाळ केला.)

शून्य गिअर

मी तोच मिसळवाला पोरगा. :) काकांनी माझं नाव बदनाम केलं म्हणून खातं उघडलं.

गाडामालकांचं बरोबर आहे, आमच्याकडे आत्ताही तेच चालतं. गाडी माझी, टायर माझे, पडलो तर हॉस्पिटलचं बिलही माझं. गेल्या वर्षी कॉलरबोन मोडलं, तेव्हा घरी सांगितलं की जिन्यावरून घसरलो. "हौस" म्हणायला गोड आहे, पण ज्याच्या बापाची द्राक्षबाग किंवा वर्कशॉप नाही तो पोरगा या हौसेत येऊच शकत नाही. क्लब हवा तो यासाठी. क्लब असला की गाड्या क्लबच्या, विमा क्लबचा.

आणि फ्रँचायझीचा पर्याय कुणीच काढला नाही. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीग जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झाली, मग अहमदाबाद, बंगळूर. माती ट्रकनं आणायची, ट्रॅक बांधायचा, शर्यत झाली की उचलायची. काकांचा जागेचा प्रश्नच संपला!

सातपूरचा स्पॅनर

आणि गावही संपलं. तीच टीम तीन शहरांत फिरते, तर तिला नाशिकची का म्हणायचं? एमपीएलमध्ये (महाराष्ट्र प्रीमियर लीग) नाशिकच्या नावाचा क्रिकेट संघ आहे, सामने पुण्यात गहुंजेला. कितीजणांनी गाडी काढून जाऊन पाहिले, हात वर करा. आणि मोठ्या फिरत्या तमाशाचं काय होतं ते मोटोजीपीनं (मोटारसायकलींची जागतिक स्पर्धा) दाखवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाला वाजतगाजत आली, २०२४ ला आलीच नाही. तिथेच फॉर्म्युला वनही २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं टिकली होती.

बाकी तुझं कॉलरबोन तुझ्या आईला मी सांगणार आहे.

शून्य गिअर

काका नको ना.

लेखापाल

काका, मोटोजीपीत ट्रॅक पक्का होता, जागाही होती. तरी आली नाही. तुमचाच सिद्धांत तुम्हीच पाडलात. नोंद घ्यावी.

बागाईतदार दिंडोरी

वाचत होतो, राहवलं नाही. जागेवर एवढं चाललंय तर बोलतो.

तीनशे मीटरचा ट्रॅक म्हटला तर लांबी-रुंदी धरून पावणेतीन-तीन एकर लागेल. पार्किंग, पिट, बसायची जागा मिळून सहा-सात एकर. आमच्याकडे रस्त्यालगत पडीक मुरमाड तुकडा आहे, एवढा भरतो. भाडं नाममात्र देईन, माझाही थोरला गाड्यांचा वेडा आहे. काकांचा मुद्दा सुटला, लेखापालसाहेबांनी भाडं शून्य धरलंच आहे.

अडचण वेगळीच आहे. युरोपात शर्यती एप्रिल ते ऑक्टोबर. आपल्याकडे तेव्हा पावसाळा, चिखलात ब्रेक नसलेली गाडी कोण काढणार? म्हणजे आपला हंगाम नोव्हेंबर ते मे. आणि नेमकी तेव्हाच द्राक्षं. ऑक्टोबर छाटणी झाली की डिसेंबरपासून घड भरायला लागतात, जानेवारी ते एप्रिल काढणी. मालावर धूळ बसली की निर्यातीचा माल जागेवर नापास, आणि पानांवर धूळ बसली की लाल कोळी वाढतो. कच्च्या रस्त्यावरून डंपर गेले तरी आम्ही कडेला हिरवी नेट लावतो, टँकरनं रस्ता भिजवतो. तुम्ही तर धूळ उडवायलाच गाडी आडवी घालणार.

सातपूरचा स्पॅनर

ट्रॅकवर पाणी मारतात दादा. दर चार शर्यतींनंतर ट्रॅक्टर फिरतो, पाणी मारून माती सारखी करतात. कोरडा ट्रॅक खेळाडूंनाही नकोच असतो, पुढच्याची माती तोंडावर येते.

बागाईतदार दिंडोरी

मारतात हो. मार्चमध्ये कुणाच्या विहिरीतलं?

लेखापाल

टँकर खर्चात धरायचा राहिला. दर सामन्याला किती लागतील? कुणाला माहीत असेल तर सांगा, कागद परत काढतो.

गाडामालक निफाड

चार धरा. आणि दादा, तो मुरमाड तुकडा रविवारी बघायला येऊ का? बैलांना धूळ चालते.