एकत्र राहणाऱ्या गटात आपलेपणा टिकते कसा?

प्रश्न: नागपूरला बेसा साइडला आम्ही काही कुटुंबं मिळून प्लॉट घेत आहोत, घरं वेगळी पण एक मोठा किचन न् हॉल सगळ्यांचा. आता सगळे जोशात आहेत, राहायला गेल्यावर टिकल काय हे?

उत्तर: भाऊ, सोबत जेवा! डेन्मार्कला १९७२ मधे सेटेडामेन नावाची अशी वसाहत उभी झाली, तिकडं अशा ठिकाणी पाळीपाळीनं स्वयंपाक करतात, एकानं रांधलं की बाकीच्यांना त्या रात्री सुट्टी. पाटोडी रस्सा ठेवा एखाद्या रविवारी, पण माणसांची पण पाळी लावा, नाहीतर सगळं बायांवरच येते न् तिथंच मन खट्टू होते.

उत्तर: भांडण मोठ्या गोष्टीवरून नाही होत. मे महिन्यात वरच्याच्या कूलरचं पाणी खालच्याच्या वाळवणावर टपकते, कुरड्या खराब, न् मग दोन महिने अबोला. म्हणून पाण्याचं, पैशाचं व्हॉट्सॲपवर नका काढू, महिन्यातून एकदा समोरासमोर बसा, भाडेकरूंनापण बोलवा.

उत्तर: तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांचे लाकडी बैल एकाच अंगणात सजवा, आजीआजोबा आपोआप खाली येतात.

प्रश्नकर्ता: कूलरचं डोक्यातच नव्हतं, आर्किटेक्टला आजच पाइपचं सांगतो.