काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे डाग, निघता निघत नाहीयेत

नवखा_चालक
मंडळी मदत हवीय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हौसेने गाडी घरीच वॅक्स केली, आयुष्यात पहिल्यांदा. गाडी ब्रेझा, म्हणजे खाली चहूबाजूंनी काळं प्लास्टिक. दुपारी एकला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये बसलो घासत, ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. रंगावर वॅक्स लावता लावता हात चाकाच्या कमानीवर, दाराखालच्या काळ्या पट्टीवर आणि वायपरखालच्या जाळीवर पण फिरला, म्हटलं नंतर पुसू. नंतर पुसायला गेलो तर वाळून कडक. आता असं दिसतंय की कोणी चुन्याचा हात फिरवलाय. शाम्पूने दोनदा धुतलं, ओलं असताना काळंभोर दिसतं, वाळलं की डाग परत हजर. शेजारच्या काकांनी खोबरेल तेल लावायला सांगितलं, लावलं, एकदम शोरूममधली गाडी!! चार दिवसांनी पांढरं परत आलं आणि वरून तेलावर धूळ बसून तपकिरी झालं ते वेगळंच. पूजेच्या फोटोत झेंडूच्या हाराआधी डाग दिसतात असं बायकोचं म्हणणं, आणि ते खरं आहे. एक डिटेलिंगवाला (गाडी आतबाहेर चकाचक करून देणारा) १८०० रुपये सांगतोय. घरी काही जमेल का? पेट्रोलने पुसून बघू का?

गाडीवेडा_नाशिक
पेट्रोल नको. थिनर तर बाटली पण जवळ आणू नका, त्याने रंगाची कड जाईल आणि प्लास्टिकवर चकचकीत चट्टा पडला तर तो कायमचा.

आधी काय झालंय ते समजून घ्या. ते प्लास्टिक गुळगुळीत नाहीये, हात फिरवा, बारीक दाणेदार आहे. वॅक्स त्या दाण्यांच्या मधल्या खाचांत जाऊन बसलंय. फडका फक्त वरच्यावर फिरतो, खाचेत पोचतच नाही, म्हणून तुम्ही कितीही पुसा. तेलाने डाग निघाला नव्हता, झाकला गेला होता, तेल ओसरलं की खालचं पांढरं उघडं. आता तुमच्याकडे वॅक्स + तेल + धूळ असं तीन थरांचं काम आहे, काकांना नमस्कार सांगा.

करायचं असं. संध्याकाळी, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना. बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड दोन झाकणं, आणि जुना मऊ टूथब्रश. एका वेळी वीतभरच जागा घ्यायची. फेस लावून दोन मिनिटं थांबायचं, मग ब्रश गोल गोल, मग उभा, मग आडवा, लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपायचं आणि भरपूर पाणी. टिपणं महत्त्वाचं आहे, नाहीतर सुटलेलं वॅक्स तिथेच परत वाळतं. हा साबण रंगावरचं वॅक्स पण उतरवतो, त्यामुळे वर ओघळला तर लगेच धुवा नाहीतर तुमची दसऱ्याची मेहनत पण जाईल. तारेची घासणी, हिरवा स्क्रबर काही नको, ओरखडे पडतील.

डोंबिवली_ते_डॅलस
इकडे अमेरिकेत यावर एक जुना घरगुती उपाय आहे, हसू नका, पीनट बटर. त्यातलं तेल वॅक्सला मऊ करतं आणि शेंगदाण्याचा रवाळपणा ब्रशबरोबर खाचेतून ते ओढून काढतो. मी स्वतः केलंय, चालतं. बिनसाखरेचं घ्या, नंतर साबणाने दोनदा धुवा नाहीतर तेल राहतं आणि पुन्हा धूळ. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर या भानगडीत पडू नका.

मिसळ_आणि_मायलेज
म्हणजे बंपरला शेंगदाण्याचं कूट लावायचं 😂 आमच्याकडे पार्किंगमध्ये मुंग्यांची जत्रा भरेल.

रंगाचं_दुकान
वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो. कार्नौबा वॅक्स (गाडीच्या वॅक्समध्ये असतं ते पामच्या पानांचं मेण) ८२ ते ८६ डिग्रीला वितळतं, त्यामुळे बादलीतल्या गरम पाण्याने ते वितळून वाहून जाईल असं कोणी समजू नका, खरं काम साबण आणि ब्रशच करतात. तरीही हट्टी डाग राहिला तर मिनरल टर्पेंटाइन, आमच्याकडे ऑइलपेंटमध्ये घालायला नेतात तेच. फडक्याच्या टोकावर चार थेंब, डागावर ब्रशने घोळवायचं, टिपायचं, लगेच साबणाने धुवायचं. ओतायचं नाही. काचेच्या कडेचं रबर सांभाळा, ते फुगतं. हातमोजे घाला आणि जवळ विडीकाडी नको. आधी चाकाच्या आत न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा.

सॅनिटायझरची जेल लावून बघायचा मोह होईल, नका लावू, त्यातलं ग्लिसरीन चिकट बसतं.

गाडीवेडा_नाशिक
अजून एक, सगळं पांढरं म्हणजे वॅक्स असं नाही. उन्हाने पण हे प्लास्टिक करडं पडतं. कोरड्या जागेवर पाणी शिंपडा, थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वॅक्स किंवा तेल आहे. पाणी पसरून प्लास्टिक काळं झालं तर ते उन्हाचं, घासून काही उपयोग नाही.

नवखा_चालक
रविवारी केलं!! सकाळी साडेसहाला बसलो ते पावणेदहाला उठलो, कंबर गेली. पहिल्या फेरीत खोबरेलच निघालं बहुतेक, पाणी नुसतं चहासारखं. दुसऱ्या फेरीत चाकांच्या कमानी साफ. दाराखाली तीन चार ठिकाणी टर्पेंटाइन लागलं, तिथेही गेलं. १८०० वाचले, टूथब्रश दोन शहीद. वायपरच्या जाळीत मात्र अजून पांढरं आहे, ब्रश आतपर्यंत जातच नाही, टाचणीने कोरू का? आणि वरून डॅशबोर्डचं पॉलिश मारलं तर चालेल ना?

रंगाचं_दुकान
टाचणी नको, रेघ पडेल. कान साफ करायच्या काड्या आणा, साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक भोक. कंटाळवाणं आहे पण तोच मार्ग. डॅशबोर्डचं पॉलिश बाहेर एका पावसात वाहून जातं आणि काचेवर ओघळलं तर वायपर फिरताना फराटे दिसतात. बाहेरच्या प्लास्टिकसाठी वेगळं ट्रिम ड्रेसिंग मिळतं ते घ्या, स्पंजवर थोडं, पूर्ण कोरडं असताना. आणि पुढच्या वेळी वॅक्सच्या आधी काळ्या पट्टीला कागदी मास्किंग टेप, काम झालं की लगेच काढायची, उन्हात तशीच ठेवली तर तिचा गोंद काढायला परत इथेच याल.

नवखा_चालक
काड्या आणल्यात. बायकोने स्वतःहून अर्धी जाळी घेतलीय, फोटो परत काढायचा म्हणते.